चाळीस आरसे

परवाच्या रविवारी इथे इंग्लंडमध्ये आमच्या गावातल्या चर्चमागच्या कुरणावर जुन्या गाड्यांची जत्रा भरली होती. जत्रा हा माझा शब्द, पण वातावरण खरंच तसंच होतं. ओलं गवत, कुठेतरी परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास, घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा आणि पुसून पुसून लखलखीत केलेल्या गाड्यांच्या रांगा. लोक बॉनेट उघडून इंजिनं बघत होते. माझी नजर आधी आरशांकडे जाते. गाड्यांचे बाहेरचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं काढल्यावर ती सवय सुटत नाही. रांगेच्या टोकाला, ओकच्या झाडाखाली एक बुटकी दोनआसनी गाडी उभी होती. गर्द हिरवा रंग, फायबरची बॉडी, बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. आणि दाराला आरसा होता तो माल वाहणाऱ्या एका व्हॅनचा. मी तो लांबूनच ओळखला. त्याच्या मागच्या टोपणाची कड मी स्वतः ड्रॉइंगवर दोनदा बदलून घेतली होती. जवळ जाऊन बघितलं, तर आरशाचा दांडा आणि दाराचा बाक यांचा मेळ बसत नव्हता म्हणून मध्ये कुणीतरी ॲल्युमिनियमची तिरपी चकती कानशीने घासून बसवली होती. कानशीचे ओरखडे अजून दिसत होते.

गाडीचे मालक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. शेजारी खुर्ची टाकून बसले होते. आरसा व्हॅनचा आहे ना, असं मी विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला. "बरोबर ओळखलंत. पहिल्या सगळ्या गाड्यांना असेच आहेत. कंपनीला आरसे करून द्यायला कुणी तयार होईना. एका ठिकाणी विचारलं होतं म्हणे, त्यांनी नाही सांगितलं."

ते 'नाही' मी सांगितलं होतं.

त्यांना हे बोलले नाही. गाडीला एक चक्कर मारली, छान ठेवलीये म्हटलं, आणि निघून आले. पण त्या रात्री झोप लागेना, आणि दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती चकती डोळ्यांसमोर येत राहिली.

२००३ सालचा हिवाळा होता. आमच्या कारखान्याच्या रिसेप्शनवरून फोन आला की एक माणूस दार घेऊन आलाय. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खाली गेले तर खरंच, पन्नाशीचा एक माणूस घोंगडीत गुंडाळलेलं गाडीचं दार कडेवर मूल घ्यावं तसं धरून उभा. रेझिनचा तो गोडसर, नाकात झोंबणारा वास त्याच्या कोटाला येत होता. त्याची कंपनी म्हणजे तो, त्याचा मेव्हणा आणि आणखी पाच-सहा जण. त्याने ते दार टेबलावर ठेवलं, घोंगडी बाजूला केली आणि बोटाने दाखवलं, इथे आरसा हवा. किती? चाळीस. चाळीस नग म्हणजे वीस गाड्या. पुढच्या वर्षी कदाचित आणखी चाळीस. मी त्याला चहा दिला, सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी हिशेब मांडला. नवीन आरसा करायचा तर साचे, आतली यंत्रणा, काचेच्या मंजुरीच्या चाचण्या मिळून लाख पौंडांच्या आत काही होत नाही. तो खर्च पाच लाख नगांवर वाटला तर नगामागे वीस पेन्स पडतात, कुणाला जाणवतही नाहीत. चाळीसवर वाटला तर एकेका आरशाला अडीच हजार पौंड. त्याची अख्खी गाडी तीस हजारांच्या आतली. मग मी विचारलं की आमचा एखादा तयार आरसाच वेगळ्या दांड्यावर देता येईल का. वरून उत्तर आलं की पाच हजारांखालची ऑर्डर लाइनवर घ्यायची नाही. मी दोन ओळींची ईमेल लिहिली. आभार, किमान ऑर्डर ५,०००, क्षमस्व. दोन वर्षांनी ती कंपनी बंद पडली. आरशामुळे कारखाना बंद पडत नाही हे मला कळतं. पण असल्या दोन ओळी त्या माणसाला किती जणांनी लिहिल्या असतील? बिजागऱ्या करणाऱ्याने, वायपर करणाऱ्याने, काचा करणाऱ्याने.

इंग्लंडमधल्या छोट्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा इतिहास बघितला तर तो बराचसा उसनवारीचा इतिहास आहे. शेजारी जाऊन वाटीभर साखर आणावी तशी ही माणसं एकाकडून इंजिन, दुसऱ्याकडून गिअरबॉक्स, तिसऱ्याकडून दिवे आणत आली. कॉलिन चॅपमनने लोटस कंपनी १९५२ मध्ये काढली ती लंडनच्या हॉर्न्सीत, वडिलांच्या पबच्या मागच्या तबेल्यात. भांडवल होतं २५ पौंड, तेही पुढे त्याची बायको झालेल्या हेझलकडून घेतलेले. त्याच्या एस्प्रीचं ते पाचरीसारखं रूप अजून लोकांच्या तोंडी आहे, पण तिचे पहिले मागचे दिवे फियाट एक्स १/९ चे होते आणि दाराच्या मुठी मॉरिस मरीनाच्या, म्हणजे ऑफिसात जायच्या साध्या घरगुती गाडीच्या. आरशांचं तर मला पाठच आहे. जॅग्वारची एक्सजे२२० ही चार लाख पौंडांच्या वरची गाडी, एके काळची जगातली सर्वांत वेगवान. तिच्या दारावर सित्रोएन सीएक्सचे आरसे होते. नंतरच्या एस्प्रीवरही तेच. पूर्वी मला यात थोडं खटकायचं, एवढ्या देखण्या गाडीला दुसऱ्याचं पायताण घातल्यासारखं. आता तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या वस्तूसाठी स्वतःच्या दाराचा बाक बदलायचा आणि तरी गाडी आपलीच दिसू द्यायची, याला डोळा लागतो आणि हातही.

सरकारशीही त्यांनी अशीच सांधेजोड करून दिवस काढले. तयार गाडीवर विक्रीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून लोटसची सेव्हन ही गाडी खोक्यांत भरून विकली जायची आणि घेणारा ती आपल्या गॅरेजात शनिवार-रविवारी जोडायचा. संचाबरोबर जोडणीची पुस्तिका द्यायला बंदी होती म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे, असं सांगतात. मग १९७३ च्या एप्रिलमध्ये व्हॅट आला आणि ती फट बुजली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेलाचा भडका उडाला, आणि पुढच्या जानेवारीपासून वीज वाचवायला कारखाने आठवड्यातले तीनच दिवस चालवायची वेळ आली. मोठ्या घरात अशा वेळी कोठीत काहीतरी शिल्लक असतं. यांच्या घरात महिन्याचंच भरलेलं असायचं. वेल्समध्ये पाँटिप्रिथजवळ गिल्बर्न नावाची गाडी व्हायची. जाइल्स स्मिथ हा खाटीक आणि बर्नार्ड फ्रीझ हा युद्धकैदी म्हणून आलेला जर्मन इंजिनिअर, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून गाडीचं नाव ठेवलेलं, बिल्ल्यावर वेल्सचा लाल ड्रॅगन. १९५९ मध्ये सुरू झाली, १९७३ मध्ये संपली. एका खाटकाला एक दिवस वाटतं की आपण गाडी करावी, आणि तो करतो. मला या गोष्टीचा मोह कधी सुटलेला नाही.

लोटसने सेव्हनचे हक्क त्याच १९७३ मध्ये केटरहॅमच्या ग्रॅहम नर्न या आपल्या विक्रेत्याला देऊन टाकले. ती उघडी, चार चाकांवर ठेवलेल्या लांबट खोक्यासारखी गाडी आजही बनते. आणि तिची पावलं किती लांब उमटली बघा, आपल्या अलिबागला चिंकारा नावाच्या छोट्या कंपनीने त्याच घाटाची रोडस्टर बांधली, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून.

पण उसनवारीतली मोठी भीती इंजिनाची. आरसा नाही मिळाला तर व्हॅनचा लावता येतो. इंजिन देणाऱ्या शेजाऱ्याचं घरच विकलं गेलं तर? ब्लॅकपूलची टीव्हीआर याच भीतीपायी फार मोठ्या धाडसात शिरली. ट्रेव्हर विल्किन्सनने आपल्याच नावातली तीन अक्षरं काढून सुरू केलेली ही कंपनी १९८१ मध्ये पीटर व्हीलर या केमिकल इंजिनिअरने घेतली. तो स्वतः टीव्हीआरचा गिऱ्हाईक होता. त्याच्या काळातल्या ग्रिफिथ आणि शिमेरा मी रस्त्यावर पाहिल्यात. पाहिल्यात म्हणण्यापेक्षा ऐकल्यात. वळणाच्या पलीकडून आधी आवाज यायचा, छातीत घुमणारा, आणि मग गाडी. शिमेराचं नाक घडत असताना व्हीलरच्या कुत्र्याने, नेडने, फोमच्या मॉडेलचा लचका तोडला आणि ते खाचेचं रूप आवडल्याने तिथेच इंडिकेटर बसवले, ही गोष्ट इथले टीव्हीआरवाले डोळ्यांत पाणी येईपर्यंत रंगवून सांगतात. कुठल्या मोठ्या कंपनीत कुत्र्याला मत असतं? या गाड्यांत रोव्हरचं व्ही८ इंजिन असायचं. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतली आणि आपल्याला इंजिन मिळत राहील का, ही धास्ती आणखी वाढली. व्हीलरने अल मेलिंग या इंजिन डिझायनरला हाताशी धरून स्वतःची इंजिनं करायला घेतली होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या, आइस्क्रीम आणि गाढवांवरच्या सफरींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात मूठभर माणसं मनापासून इंजिनं जोडत होती, घासत होती. स्पीड सिक्स हे त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन चालायला लागलं की अंगावर काटा यायचा, आणि सुरुवातीची इंजिनं बिघडायला लागली की पुन्हा खोलून बांधावी लागायची, तेही हमीत, कंपनीच्या खर्चाने. मोठा कारखाना एखादं इंजिन बाजारात आणण्याआधी जितके तास ते चाचणीच्या बाकावर पळवतो, तितके तास विकत घ्यायला यांच्याकडे पैसे नव्हते. राहिलेली चाचणी गिऱ्हाइकाच्या दारात झाली.

२००४ मध्ये व्हीलरने कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या २४ वर्षांच्या रशियन तरुणाला विकली. २००६ संपताना ब्लॅकपूलचा कारखाना बंद झाला. पुढे नाव पुन्हा विकलं गेलं, २०१७ मध्ये गुडवुडच्या गाड्यांच्या मेळ्यात नवी ग्रिफिथ झाकण काढून दाखवली गेली, वेल्समधल्या एब्बू व्हेल इथे कारखाना उभा राहणार, असं जाहीर झालं. तिथला पोलादाचा कारखाना २००२ मध्ये थंड झालेला, गावाला कामाची आस होती. वर्षामागून वर्षं गेली, गाडी कुणाच्या दारात आली नाही. बुकिंगचे पैसे भरून बसलेल्यांचं मला वाईट वाटतं, पण त्या गावाचं जास्त वाटतं.

उसन्या इंजिनाचं उलटं उदाहरणही आहे. लोटसची एलिस १९९६ ची, ॲल्युमिनियमचे पोकळ भाग गोंदाने चिकटवून केलेला तिचा सांगाडा इतका हलका की त्या काळी आमच्या कारखान्यातली पोरं त्याचे फोटो भिंतीला लावायची. तिच्यात रोव्हरचं के-सिरीज इंजिन. लोटसने टोयोटाचं इंजिन आधीच घ्यायला सुरुवात केली होती म्हणून २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा ती तरली. त्या एप्रिलमध्ये लाँगब्रिजला रोव्हरच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांना मी बसमधून पाहिलं. त्यांच्या हातांत काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही, आणि ते कुठेच जात नव्हते.

माझे वडील, अण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप चालवायचे. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिलिंग मशीन, आणि कुलंटचा तो आंबूस वास जो त्यांच्या शर्टाला धुतला तरी राहायचा. गुऱ्हाळं सुरू झाली की गावोगावचे शेतकरी चरकाचं मोडलेलं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, पोत्यात गुंडाळून आणायचे. एकच नग. "अण्णा, काहील चढलीया, ऊस तोडून पडलाय, आजच पायजे." अण्णा चालू असलेला जॉब उतरवायचे, मशीनचं सेटिंग मोडायचे आणि तो एक नग रात्री बसून करून द्यायचे. पैसे कधी मिळायचे, कधी गुळाच्या ढेपेवर भागायचं. मोठी ऑर्डर मात्र या एकेका नगामुळे उशिरा जायची. एका वर्षी तशी हातची गेली आणि आईच्या पाटल्या गेल्या. मी तेव्हा नववीत होते. मी इंजिनिअर होऊन मोठ्या कारखान्यात गेले ती त्या पाटल्या लक्षात ठेवून. म्हणून २००३ मध्ये त्या ईमेलची दोन वाक्यं लिहिताना माझा हात थांबला नाही. हिशेब बरोबर होता. तो आजही बरोबर आहे. घोंगडीतलं दार बघताना मला पोत्यातलं पिनियन मात्र आठवलं नाही, आणि याची टोचणी हिशेबाने जात नाही.

काही वर्षांपूर्वी माल्व्हर्नला मॉर्गनचा कारखाना बघायला गेले होते. १९०९ पासूनची कंपनी, पिकर्सली रोडवरची लाल विटांची शेडं उतारावर एकामागे एक, आणि बांधकामातली गाडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसं हाताने ढकलत नेतात. लोकांना वाटतं गाडीची चासी लाकडाची असते, तसं नाही, चासी धातूचीच. वरच्या पत्र्याखालची चौकट ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची. सुतारकामाच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि त्या वासाने थबकले. ताज्या भुशाचा, किंचित दुधाळ वास. एक विशीतली मुलगी रंध्याने चाकावरच्या कमानीचा तुकडा ताशीत होती, मध्येच थांबून अंगठा फिरवून बघत होती. डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास. अण्णा तसंच करायचे, मायक्रोमीटर हाताशी असताना.

१९९० मध्ये सर जॉन हार्वी-जोन्स, आयसीआय या बलाढ्य कंपनीचे माजी अध्यक्ष, बीबीसीच्या कॅमेऱ्यासह या कारखान्यात आले होते. गिऱ्हाइकं कित्येक वर्षं रांगेत आहेत, मग उत्पादन वाढवा, पद्धती बदला, किंमत वाढवा, असा त्यांचा सल्ला होता. पीटर मॉर्गन आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी तो फारसा मानला नाही. मी स्वतः त्या सल्ल्याच्या बाजूची, शिक्षणाने आणि पगाराने. कार्यक्रम बघून लोक मॉर्गनवर हसले नाहीत, ऑर्डरी वाढल्या. तरीही मला मॉर्गनची गोष्ट पूर्ण सुखाची म्हणवत नाही. इंजिनं तिथेही बाहेरचीच, आणि २०१९ मध्ये घराण्याने बहुतांश हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला दिला. शंभर-सव्वाशे वर्षं उतारावर गाडी ढकलणाऱ्यांनाही शेवटी कुणाचा तरी खांदा लागला. सॉमरसेटमधली एरियल वर्षाला शंभराच्या आसपास गाड्या करते, एक गाडी एकच माणूस पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत बांधतो. त्यांनी स्वतःला मुद्दाम तेवढंच ठेवलंय. तेवढंच राहायलासुद्धा किती जोर लागत असेल, हे मी आता समजू शकते.

आणि हे सगळे बिचारे, कारखानदार सगळे दुष्ट, असं मी लिहिणार नाही. या गाड्यांची छतं गळायची. वायरिंग पावसाळी सकाळी दगा द्यायचं. फायबर तडकायचं. एअरबॅग आणि अपघाताच्या चाचण्यांचे नियम उगाच आलेले नाहीत, त्यांनी माणसं वाचवली, माझी एक मैत्रीण त्यातलीच. पण एक गाडी भिंतीवर आपटून बघायची तर वर्षाला लाखभर गाड्या करणाऱ्यालाही एकच आपटावी लागते आणि वीस करणाऱ्यालाही एकच, तेव्हा विसाव्या भागाचं दुःख कसं मोजायचं? म्हणून इथे एकेक गाडी स्वतंत्र तपासून पास करायची सोय ठेवलीये. ती सोय ज्याने कुणी लढून मिळवली, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

या रविवारी मी त्या गृहस्थांकडे गेले. चर्चच्या सूचनाफलकावरून पत्ता मिळाला. त्यांना सगळं सांगितलं, दार, घोंगडी, ईमेल. ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याने हसत सांगितलं होतं मला. आरसेवाल्या बाईंनी चहा चांगला दिला, म्हणाला." तो माणूस आता नाही. मला तेव्हा बोलता येईना, म्हणून मी गाडीपाशी गेले आणि डावीकडच्या आरशाला हात लावला. तो डुगडुगत होता. ॲल्युमिनियमच्या चकतीला भोकापासून कडेपर्यंत बारीक चीर गेली होती. ती नवी मिळणार कुठून, गेले वर्षभर दोरी बांधून चालवतोय, असं ते म्हणाले. मी पर्समधून व्हर्नियर काढला. तो अजून पर्समध्ये असतो. व्यास, एका बाजूची जाडी, दुसऱ्या बाजूची जाडी, दोन भोकांमधलं अंतर. त्यांच्या टेबलावरच्या बिलाच्या पाठीवर चकतीचं ड्रॉइंग काढलं.

रात्री दादाला फोन लावला. अण्णांचं वर्कशॉप आता तो बघतो. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत, ब्रेकचे भाग जातात एका मोठ्या कंपनीला, महिन्याला हजारोंनी.

"दादा, ॲल्युमिनियमची एक चकती करायची आहे. तिरपं फेसिंग, साडेअकरा अंशात."

"किती नग?"

"एक. म्हणजे, दोन कर. दुसरीकडचीही जाईल कधीतरी."

पलीकडे कंप्रेसर चालू होता. त्याचा आवाज ऐकत राहिले.

"सीएनसीवर नाही गं परवडत, सेटिंगलाच अर्धा दिवस जाईल." मग थोड्या वेळाने, "अण्णांचं लेथ हाय कोपऱ्यात. पट्टा बघाय लागंल. ड्रॉइंग पाठव."